जळकोट जिल्हा आणि माझे दोन कान

१२ मार्च २०१६, शनिवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. जिल्हा झाल्यावर लोकांनी फारच आग्रह केला तर बघू.

ऐतिहासिक दिवस. केरबाच्या हॉटेलात 'जळकोट जिल्हा निर्माण कृती समिती' स्थापन झाली. हजर सभासद: मी (विरूपाक्ष, प्रोप्रायटर, सिद्धेश्वर साउंड सर्व्हिस), हणमंतराव रिटायर्ड तलाठी आणि केरबा. केरबाचं हॉटेल होतं म्हणून केरबा.

व्हॉट्सअ‍ॅपवर पक्की खबर आहे की एक मेला नवे जिल्हे जाहीर होणार. उदगीरवाले त्यासाठी केव्हापासून धावपळ करून राहिलेत. उदगीर होऊ शकतं तर जळकोट का नाही? आपल्याकडे तहसील आहे, बसस्टँड आहे. नावातच जळ आहे. सध्या नळाला नाही, पण नावात आहे.

ठराव पहिला: एप्रिलच्या शेवटी बाजार मैदानावर जाहीर सभा. ठराव दुसरा: मुख्य भाषण मी करायचं. दुसरा ठराव मीच मांडला आणि मीच पास केला. का, ते लिहून ठेवतो. या तालुक्यात जन्मभर जेवढी भाषणं झाली ती सगळी माझ्या माईकवरून झाली. लग्नातली, प्रचारातली, तेराव्याची. मी स्वतः माईकवर आजवर एवढंच बोललोय: हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. लोक मला तेवढ्यावर ओळखतात. एकदा तरी त्याच्यापुढचं वाक्य बोलायचंय आणि गावाने बसून ते ऐकायचंय. दुसरं काही नको. (जिल्हा पण पाहिजे.)

किरकोळ: उजव्या कानात खाज. आणि लोक हल्ली फार हळू बोलतात. हणमंतराव तर नुसते ओठ हलवतात. दुष्काळ. घसे सुकलेत लोकांचे.

१५ मार्च, मंगळवार.

मठात शिवनाम सप्ताह चालू. साउंड आपला. कीर्तनकार महाराजांचा आवाज पहिल्याच दिवशी बसलेला. मशीन वाढवलं. तरी बसलेला. आणखी वाढवलं. खिडकीची एक काच गेली, पण ती जुनी होती. बायका पदर कानाशी घट्ट धरून बसल्या होत्या. भक्तीत माणूस बाहेरचं जग बंद करतो, त्याचं हे उदाहरण. मठावरचे पारवे उडाले ते संध्याकाळपर्यंत फिरकले नाहीत.

मध्येच महाराजांनी माझ्याकडे बघून हाताने खाली, खाली अशी खूण केली. म्हणून मी खुर्ची सोडून पायरीवर बसलो. तरी खूण चालूच. मग जमिनीवर बसलो. महाराज मानपानाला इतके कडक असतील असं वाटलं नव्हतं.

नंतर पोलीस ठाण्याचा जमादार आला. आवाज किती ठेवायचा याचं मीटर असतं म्हणाला. त्याला सांगितलं, माझा कान हाच मीटर. जन्म गेला यात.

१९ मार्च, शनिवार.

मशीनमध्ये हमिंग येऊन राहिलंय. बारीक कुईं असा आवाज. सोल्डर तपासलं, वायर बदलली, भोंगे बदलले. कुईं तशीच. मशीन बंद करून पाहिलं. तरी कुईं. म्हणजे फॉल्ट किती खोलवर गेलाय बघा, बंद मशीनसुद्धा हमिंग करतं.

२१ मार्च, सोमवार.

फॉल्ट सापडला! दुष्काळ.

अर्थिंग चालतं ते जमिनीच्या ओलीवर. जमीनच हाडासारखी वाळली तर करंट जाणार कुठे? तो माघारी मशीनमध्ये येतो आणि कुईं करतो. हे तालुक्यात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अर्थिंगचा खड्डा उकरला, मीठ टाकलं, कोळसा टाकला आणि पाण्याची एक घागर ओतली. पाणी शास्त्रात सांगितलंच आहे.

घागर नेमकी पिण्याची निघाली. बायको, दानम्मा, दारात उभी राहून बघत होती. तिचं माहेर औरादचं. राग आला की कानडीत बोलते. बराच वेळ बोलली. मला ऐकू आलं नाही ते एका परीने बरं. शेवटी माझ्याजवळ येऊन मराठीत ओरडली की, मानसं तहानेनं मरायलीत अन् तुमी भुईला पाजायलेत व्हय? तिला अर्थिंग समजावणं अवघड आहे. सोडून दिलं.

कुईं थोडी कमी झाल्यासारखी वाटते.

२२ मार्च, मंगळवार.

कमी नाही झाली.

२४ मार्च, गुरुवार. धूलिवंदन.

कोरडी होळी. केरबाने कोरडा रंग लावला, तो कानात गेला. दानम्माने अंगणात उन्हाला बसवून कानात मोबाईलची टॉर्च मारली. उजव्या, मग डाव्या. मग कानाशी तोंड आणून म्हणाली, आत गुळाची ढेप बसलीय, अन् तुमी जिल्हा करून राहिलेत. मळ काढा आधी.

मी तिला शांतपणे सांगितलं, कानातला मळ ही घाण नव्हे. आपण मशीनवर कापड टाकतो का नाही, धूळ बसू नये म्हणून? देवाने तशीच सोय केलीय. यंदा धूळ जास्त, म्हणून कापड जाड. पाऊस पडला की आपोआप पातळ होईल.

ती म्हणाली (ओरडून), मग मागच्या महिन्यापासून मी बोलते ते कापडावरच पडायलंय का?

मला वाटतं तिचाही घसा सुकलाय.

२७ मार्च, रविवार.

अर्धापूरहून मेव्हणा मन्मथ आला. शाळेत मास्तर आहे. केळीचा घड आणला आणि सल्ला आणला. दोन्ही न मागता. दानम्माने फोन केलेला दिसतो.

म्हणाला, दाजी, तुम्हाला दडा बसलाय. नांदेडला चला, कानाचे डॉक्टर आहेत. थेंब घालून मळ मऊ करतात आणि कोमट पाण्याची पिचकारी मारून धुऊन काढतात. घटकाभराचं काम.

पाण्याची पिचकारी! इथं गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा येतो. लोक आंघोळीचं पाणी झाडाला घालतात, झाडाचं राहिलं तर म्हशीला. आणि मी, कृती समितीचा संस्थापक, कानात पाणी ओतून बसू? उद्या विरोधकांनी विचारलं तर काय तोंड दाखवू? स्पष्ट नाही म्हणालो. हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

मन्मथने अर्थिंगच्या खड्ड्याकडे नुसतं बघितलं. मास्तर लोकांना टेक्निकल बाबी कळत नाहीत.

३० मार्च, बुधवार.

मळाचा बंदोबस्त पाण्याविना करून दाखवायचं ठरवलं. बिनपाण्याचं तंत्र. जमलं तर तालुकाभर राबवू.

पहिला प्रयोग आगकाडी. काडी बाहेर आली, गुल आत राहिला. प्रयोग दुसरा, गुल काढायला दानम्माची केसातली पिन. डोळ्यात पाणी आलं, गुल आला नाही. तिसरा प्रयोग, मेडिकलातून आणलेली कापसाची काडी. डाव्या कानात फिरवली, छान गुदगुल्या झाल्या, बाहेर काढली तर टोकाला कापूस नव्हता. कापूस आत.

संध्याकाळी आरशात बघितलं. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. म्हणजे स्वच्छ.

३ एप्रिल, रविवार.

करडईच्या तेलात लसूण कडवून दोन्ही कानांत घातलं. एका कुशीवर पडलो, मग दुसऱ्या. उशी वाया गेली. दानम्माने ती उचलून माझ्यापुढे धरली आणि तोंड हलवलं. फोडणी, असं काहीतरी असावं.

उठलो तर गाव एकदम शांत. रस्त्यावर मोटारसायकली जातात पण आवाज नाही. पेट्रोल महागल्यामुळे लोक बेतानं चालवत असावेत.

५ एप्रिल, मंगळवार.

आज फार मोठी गोष्ट कळली.

सकाळी भाकरी खाताना डोक्यात खडी क्रशर सुरू झाल्यासारखं झालं. मग पाणी प्यालो तर धरणाचं दार उघडल्यासारखं. मग सहज म्हणालो, दानम्मा, चहा टाक. आणि स्वतःच दचकलो. काय आवाज! भोंग्यासारखा! डोक्याच्या आत सगळीकडे घुमला.

तेलाचा गुण. तेल कानातून घशात उतरतं हे मन्मथसुद्धा नाकारणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचे आवाज मोठे करत बसलो आणि स्वतःच्या नरड्यात असं मशीन होतं!

चहा आला नाही. दानम्मा जागेवरून हलली पण नाही. भ्यायली असावी.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा.

संकल्प. एक: भाषण पाठ करणे. दोन: आवाज ताब्यात ठेवणे. घरात, दुकानात, बाजारात एकदम हळू बोलायचं. म्हाताऱ्या माणसांच्या काळजाचा विचार करायला पाहिजे. तीन: रागावणे नाही. चार: कान कोरणे बंद. (आज सकाळी शेवटचं.)

दुपारी केरबाच्या हॉटेलात मुद्दाम दबक्या आवाजात बोललो, तरी माझ्या डोक्यात घुमलंच. केरबा सारखा कानाला हात लावून माझ्याकडे वाकत होता. बिचारा. त्याच्या कानाचं काहीतरी बघायला पाहिजे. त्याला म्हटलं, मळ असेल, काढून घे. त्याने हणमंतरावांकडे बघितलं. हणमंतरावांनी छताकडे बघितलं.

१३ एप्रिल, बुधवार.

लातूरला रेल्वेने पाणी आलं. मिरजेहून. टीव्हीवर सगळं दाखवलं. (टीव्हीचा आवाज बिघडलाय. फुल करूनही काही नाही. शेजारचे भिंत वाजवत होते, म्हणजे भिंतीला हात लावल्यावर कळलं.)

समितीची तातडीची बैठक. मी मुद्दा मांडला: लातूरला रेल्वे का आली? कारण लातूर जिल्हा आहे. आमच्या लहानपणी जिल्हा म्हणजे उस्मानाबाद. तेव्हा लातूरला कोण पाणी देत होतं? जिल्हा झाला आणि रेल्वेने पाणी आलं. जळकोट जिल्हा झाला की जळकोटला रेल्वेने पाणी येणार, हा साधा हिशेब आहे.

हणमंतरावांनी कागदावर लिहून दाखवलं: जळकोटला रेल्वे लाईनच न्हाई.

मी म्हणालो, आधी जिल्हा, मग लाईन, मग पाणी. क्रम चुकवू नका. ते गप्प झाले. तसे ते हल्ली गप्पच असतात.

१७ एप्रिल, रविवार.

टँकर येऊन गेला. दानम्मा मठात गेली होती, घरी मी होतो. टँकर हॉर्न देतो तेव्हा गल्ली धावते. आज त्याने हॉर्न दिलाच नाही. शेजारीण हातवारे करून सांगत होती की दिला, दिला, लई वेळ दिला. तिचं खरं मानलं तर ड्रायव्हरने बॅटरी बदलायला पाहिजे. मी सभेत हा मुद्दा घेणार आहे.

दानम्मा आली, रिकाम्या घागरी बघितल्या. शेजारून दोन कळश्या मागून आणल्या. आता यापुढे टँकर ती बघणार. तिने मौन धरलंय असं वाटतं. बोलायचं असलं तर माझ्या दंडाला धरते आणि बोटाने दाखवते. श्रावण लांब आहे. कसलं व्रत असेल?

खरं सांगायचं तर घर फार सुनं वाटतं. भांडी पडतात तरी आवाज नाही. सभा एकदा होऊन जाऊ दे.

२३ एप्रिल, शनिवार.

उद्या सभा. मन्मथ आला. मैदानावर मांडव टाकला, खुर्च्या लावल्या. भोंगे चारी कोपऱ्यांना.

संध्याकाळी डोक्यावरून आंघोळ केली. सभेच्या आदल्या दिवशी एवढी मुभा. दानम्माने पूर्ण बादली काढून दिली. स्वतःच्या वाटणीची, बहुतेक. कानात थोडं पाणी गेलं. कोरडा माणूस किती दिवसांनी ओला झाला!

त्यानंतर जी शांतता पसरलीय ती शब्दांत सांगता येत नाही. उरलंसुरलं पण बंद. अख्खं जळकोट श्वास रोखून उद्याची वाट बघतंय.

२४ एप्रिल, रविवार. सकाळी.

मशीन लावलं. हमिंग आहेच. एवढं पाणी पाजूनही अर्थिंगने दगा दिला. भाषणात कुईं नको. व्हॉल्यूम थोडा खाली आणला. कुईं. आणखी खाली. कुईं. बटन पार तळाला नेलं. तरी कुईं, पण मग एक चमत्कार बघितला. बटन तळाला असताना 'हॅलो' म्हणालो आणि आवाज असा घुमला की माझाच ऊर भरून आला. एवढ्या व्हॉल्यूमवर हे, तर मग वाढवायची गरज काय? तसंच ठेवलं.

नवं धोतर. दानम्मा पहिल्या रांगेत बसणार आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

झालं. बोललो!

क्रमाने लिहितो. चाळीसेक माणसं. उन्हाच्या मानाने गर्दीच. 'हॅलो, हॅलो' झालं, आणि त्याच्यापुढे गेलो. उपस्थित बंधू आणि भगिनींनो! पहिल्या वाक्याला सभा स्तब्ध. टाचणी पडली तरी ऐकू आली असती. (मला नाही आली.) सगळे पुढे वाकून, कानाला हात लावून ऐकत होते. केरबा उभा राहून दोन्ही हात हलवत होता. त्याला बसण्याची खूण केली. इतकी आपुलकी बरी नव्हे.

पाण्याच्या मुद्द्याला आलो. म्हणालो, किती दिवस सोसायचं? उठा! आणि काय सांगू. सभा उठली! एका क्षणात! खुर्च्या पाडत, लहानथोर, हणमंतरावांसकट, घागरी आणि कळश्या घेऊन रस्त्याच्या दिशेने धावले. उत्स्फूर्त घागर मोर्चा. नेते आयुष्य घालवतात आणि चार माणसं हलत नाहीत. मी एका शब्दावर मैदान हलवलं.

डोळे मिटून राहिलेलं भाषण पूर्ण केलं. विजयात माणसाने वाहून जाऊ नये. रेल्वे लाईन, कलेक्टर ऑफिसची जागा, सगळे मुद्दे घेतले. डोळे उघडले तर समोर एकटी दानम्मा. ओठ हलत होते. जप करत असावी. व्रत चालूच आहे म्हणजे.

आयुष्यातला सर्वात मोठा दिवस.

२५ एप्रिल, सोमवार.

घरात पाण्याचा थेंब नाही. काल टँकर आला होता म्हणतात. टँकरची जिम्मेदारी दानम्माची ठरली होती, आणि ती सभेत बसून राहिली! शेवटपर्यंत! सगळे मोर्चाला गेले, हिला काय बसायची गरज होती? जायचं होतं, पाणी आणायचं होतं. आपलं काम ओळखावं माणसाने. तिला तसं (अगदी हळू) सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, कळशी उचलली आणि शेजारी गेली.

२८ एप्रिल, गुरुवार.

पेपरात मोर्चाची बातमी नाही. वरून दबाव. तहसीलसमोर जाऊन पाहणी केली, मोर्चाच्या खुणा नाहीत. शिस्तबद्ध मोर्चा असावा.

गावात लोक बघून हसतात. प्रेमाने. केरबाने चहा दिला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. आदरापोटी भाषणाबद्दल कुणीच काही बोलत नाही. की बोलतात? ओठ तर हलतात.

मन्मथ पुन्हा आला. कानात घालायचे थेंब आणलेत. घालतो म्हणालो. थेंब म्हणजे पाणी नव्हे, तत्त्वाला बाधा नाही.

१ मे, रविवार. महाराष्ट्र दिन.

जिल्हा जाहीर झाला नाही. आपलाही नाही, उदगीरचाही नाही, कुणाचाच नाही. खबर खोटी होती म्हणे.

एका दृष्टीने चांगलं. उदगीरचा नाही झाला.

सकाळी शाळेत झेंडावंदनाला साउंड आपला. मशीन लावलं, बटन फिरवलं, सगळे माझ्याकडे बघत होते. हेडमास्तरांनी येऊन हळूच माईक काढून घेतला आणि तसंच, नुसत्या तोंडाने बोलले. लोकांना ते ऐकू येत होतं. माना डोलत होत्या. मला नव्हतं येत.

हे लिहायचं नव्हतं. पण मशीनचा खोका बंद करताना मनात आलं. साउंडवाल्याला ऐकूच येत नसेल तर गावाने त्याला का बोलवायचं? दानम्माने दंडाला धरलं आणि बोटाने बसस्टँडकडे दाखवलं. मी हो म्हणालो.

३ मे, मंगळवार. सकाळी.

काल नांदेडला जाऊन आलो. मी, मन्मथ आणि जांबमार्गे जाणारी एसटी.

डॉक्टरांनी उजव्या कानात बघितलं, डाव्या कानात बघितलं, आणि आतल्या डॉक्टरीणबाईंना बघायला बोलावलं. मन्मथने मला कागदावर लिहून दिलं: विचारतात, धंदा काय? मी त्याच कागदावर अभिमानाने लिहिलं: साउंड सर्व्हिस. दोघं एकमेकांकडे बघू लागले.

मानेखाली टॉवेल, कानाखाली वाटी. कोमट पाण्याची पिचकारी. जेमतेम तांब्याभर पाणी लागलं, दोन्ही कान मिळून. मी डोळे मिटून पूर्ण लातूर जिल्ह्याची मनात माफी मागत होतो. डाव्या कानातून कापूस आला, त्याच्याभोवती काळं बोंड. मग उजवा. खारकेएवढं काहीतरी टपकन वाटीत पडलं, आणि त्याच्या टोकाला आगकाडीचा गुल.

टपकन. ते मला ऐकू आलं!

मग एकदम सगळंच आलं. पंखा खडखडत होता. कुणीतरी कपाट ओढत होतं, म्हणून मागे बघितलं, तर ती माझीच चप्पल होती. डॉक्टर म्हणाले, कानात काडी, पिन, तेल, काही घालायचं नाही; मळ बाहेर यायचं काम कान स्वतः करतो, तुम्ही तो आत ढकलू नका. मी म्हणालो, हळू बोला साहेब, केवढ्याने ओरडता. डॉक्टरीणबाई हसल्या. ते पण ऐकू आलं.

कुईं गेली. अर्थिंगचा दोष नव्हता तर. मग ती घागर

असो.

परत येताना एसटीत मन्मथ म्हणाला, दाजी, तुमच्या सभेचं शूटिंग केलं होतं, बघायचं का? त्याने मोबाईल दानम्माच्या शेजारच्या खुर्चीला रुमालाने बांधून ठेवला होता. मी म्हणालो, लाव, पण आवाज कमी ठेव. प्रवाशांना त्रास नको.

मी दिसतो. हात वर. ओठ हलतायत. आवाज नाही. म्हटलं, मोबाईलचा आवाज वाढव. म्हणाला, फुल आहे दाजी. फुलच होता, कारण मैदानाच्या कडेची शेळी स्पष्ट ऐकू येत होती.

मग लांबून टँकरचा हॉर्न. हणमंतराव ओरडले, टँकर आला रे, उठा! खुर्च्या पडल्या, घागरी वाजल्या, पळापळ. मन्मथचाही आवाज होता, अक्का, मी नंबर धरतो, तू ये लगेच. हाच माझा मोर्चा.

मग वारा. शेळी. आणि मग अगदी जवळून दानम्मा.

अहो, मशीन बंद हाय.

मी तिकडे हात हलवून राहिलोय.

अहो, बटन फिरवा की. अहो, मानसं गेली समदी, डोळे उघडा.

मी डोळे मिटलेले. कलेक्टर ऑफिसची जागा सांगत असेन. लांबून हॉर्न पुन्हा वाजला, टँकर निघायला झाला असावा. ती म्हणाली, घरात थेंब न्हाई हो, मी जाऊ का? उठल्यासारख्या बांगड्या वाजल्या. मग खुर्ची कुरकुरली, आणि ती पुन्हा बसली.

म्हणाली, बरं. बोला तुमी. मी ऐकायलेय.

मन्मथने मोबाईल बंद केला. मला रडू आलं. मन्मथला सांगितलं, खिडकी लाव, धूळ फार येते.

त्याच दिवशी, दुपारी.

दानम्माला विचारलं, भाषण कसं झालं होतं?

म्हणाली, पहिल्या रांगेत बसून बी एक शब्द ऐकू आला न्हाई. पर नवं धोतर शोभून दिसायलं होतं.

मग म्हणाली, एवढं पाठ केलंय तर आता म्हना. मी हाय की.

ओसरीवर उभा राहिलो. माईक नाही, भोंगे नाहीत. सवयीने तोंडातून 'हॅलो, हॅलो' गेलं. ती हसली. मग उपस्थित बंधू हा शब्द सोडला आणि नुसतं भगिनींनो म्हणालो. ती म्हणाली, बायको हाय मी. मी म्हणालो, भाषणात चालतं. दुसरं वाक्य सुरू करणार तेवढ्यात लांब, तहसीलच्याही पलीकडे, टँकरचा हॉर्न वाजला. गल्लीत अजून कुणाला ऐकू आला नव्हता. सगळ्यात आधी मला आला.

तिला म्हणालो, तू बस. दोन्ही हातांत घागरी घेऊन पळालो. पाठीमागून तिचा आवाज आला, स्वच्छ, प्रत्येक शब्द:

एक कळशी जास्तीची आना, तुमच्या अर्थिंगला तहान लागली असंल.